महाडच्या फेसाला पोलादपूरचं विरजण

महाडला बाहेरगावचे लोक जातात ते रायगड बघायला, नाहीतर गोव्याच्या वाटेवर जेवायला थांबतात म्हणून. मी गेले ती फेस बघायला. फलटणला परत आल्यावर शेजारच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गड चढलात की दोरीच्या पाळण्यातून गेलात?" गडाच्या पायथ्यालासुद्धा गेले नाही असं सांगितल्यावर त्यांना माझी कीव आली. पण ते दिवस कसे गेले हे सांगायला बसले, तर त्या चहा विसरून ऐकत राहिल्या. म्हणून आता लिहूनच काढते.

माझं काम थोडक्यात सांगायला हवं. पूर्वी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. आता मोठ्या सोसायट्या, वसतिगृहं, हॉटेलं यांची सांडपाणी शुद्ध करायची केंद्रं बिघडली की मला बोलावतात. न्हाणीघरातलं, स्वयंपाकघरातलं, संडासातलं पाणी एका टाकीत येतं, तिथे त्यात खालून हवा सोडतात आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. केंद्र म्हणजे एवढंच. बाकीचे पाईप आणि पंप त्यांच्या सेवेला असतात.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगारांची एक सोसायटी आहे. तिच्या सेक्रेटरींचा फोन आला. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला पांढरा फेस येतोय, तो ओढ्यातून वाहत लोकांच्या मळ्यात जातोय, आणि हा सगळा प्रताप सोसायटीच्या गाळ्यात चालणाऱ्या लाँड्रीचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

"रविवारी सभा आहे. लाँड्रीचं ड्रेनेज तोडायचं ठरलंच आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त येऊन तसं सांगा. तज्ज्ञ माणसानं सांगितलं की वाद राहत नाही."

"आधी बघते, मग सांगते," मी म्हटलं आणि पिशवी भरली.

वरंध उतरून

भोरहून एसटीने वरंधचा घाट उतरले. थंडीचे दिवस होते. वर भोरच्या बाजूला वाळून पिवळं झालेलं गवत आणि खाली वरंध गावाशी येईपर्यंत अंगावरचा स्वेटर नकोसा झालेला. भात कापून झालेल्या खाचरांत वाल आणि पावटा उगवला होता, कुणी पाणी दिलेलं नाही, जमिनीतल्या ओलीवरच तरारलेला. आमच्या फलटणकडे असं बघायला मिळत नाही. आमच्याकडे हिरवं दिसलं की तिथे विहीर किंवा कालवा असणारच.

सोसायटीच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरले. घाटातल्या धुळीने ओढणी माखली होती, ती आधी धुवायला घेतली. घरी टाकते तेवढीच, मूठभर पावडर बादलीत टाकली आणि फजिती झाली. फेस बादलीबाहेर आला, पायांवर आला, मोरीभर झाला. एक बादली, दोन बादल्या, तीन बादल्या ओतल्या तरी ओढणीतून फेस निघतोच आहे. आमच्या बोअरच्या जड पाण्यात पावडर चोळून चोळून हात दुखतात तेव्हा कुठे चार बुडबुडे येतात. इथलं पाणी मऊ. मी मोरीत फेसात उभी होते आणि मनात म्हटलं, चला, कामाला सुरुवात झाली.

ओढ्याकाठी

सेक्रेटरी मला केंद्राच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. पन्नाशीचे, टापटीप, सगळ्या गोष्टी वेळेवर करणारे गृहस्थ. पाईप जिथे ओढ्यात पडतो तिथे दगडांच्या खाचांत कापसासारखा फेस अडकला होता. वाऱ्याची झुळूक आली की त्याचे गोळे उडायचे. आणि पाईपच्या तोंडाशी, हातात मातीने भरलेलं पोतं घेऊन, एक साठीची बाई उभी होती. साडीचा काचा मारलेला, डोक्याला पदर.

"या इंदूताई," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "खालचा मळा यांचा. रोज पाईप बंद करतात, आम्ही रोज उघडतो."

इंदूताईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "ही कोण? कंपनीवाली?"

"नाही, मी पाण्याचं काम करते. फलटणची."

"मग बघ गो बाय तुझ्या डोळ्यांनी." त्यांनी पोतं तसंच टाकलं आणि मला मळ्यात नेलं. लाल माठ, मुळा, वांगी. जागा लहान, पण एक गवताची काडी दिसत नव्हती. माठाच्या पानांवर फेस वाळून पांढरे डाग पडले होते. "बाजारात बायका विचारतात, ह्यो काय लागलाय? मी सांगते धुतला की जाईल. त्या ठेवून देतात. चाळीस वरसं माझा माठ महाडच्या बाजारात हाय. आता माझ्या भाजीला फेसाची भाजी म्हणतात. म्हस पाण्यात तोंड घालत नाय. मी कुणाकडं जायचं?"

"हा कंपनीतल्या केमिकलचा फेस नाही, ताई," मी म्हटलं. "कंपन्यांचं पाणी या ओढ्यात येतच नाही. हा कपडे धुवायच्या पावडरीचा आहे."

"कशाचा का असेना. माझ्याकडं नको."

त्यात चूक काहीच नव्हती.

मी फेस हातात घेतला. शुभ्र, हलका, बोटांत धरला की फुटणारा. टाकीतल्या जिवाणूंचा स्वतःचा फेस तपकिरी आणि साईसारखा चिकट असतो. हा तसा नव्हता. म्हणजे पावडर टाकीत येत होती आणि जशीच्या तशी बाहेर जात होती. खाणारं कुणी नव्हतं.

लाँड्रीत

लाँड्रीचे मालक रफीकभाई. चाळिशीचा, उंच माणूस. बरीच वर्षं कुवेतला एका हॉटेलच्या धुलाईखात्यात काढली आणि गावी येऊन हा धंदा टाकला. रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीची लॉज, महामार्गावरची हॉटेलं, सगळ्यांच्या चादरी त्यांच्याकडे येतात. आसपासच्या वाड्यांतल्या बायका इस्त्रीला आणि घड्या घालायला आहेत. मी गेले तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. मी कशासाठी आले ते त्यांना माहीत होतं.

"विचारा काय विचारायचं ता," रफीकभाई म्हणाले. आवाज शांत होता, पण त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"उद्या सकाळभर लाँड्री बंद ठेवाल?"

"बंद? रविवारनंतर बंदच करायला लावणार हायत. तुमी आधीच सुरू केलात?"

"तुम्ही बंद ठेवलंत आणि तरी फेस आला, तर मला सेक्रेटरींना दाखवता येईल. नाही आला, तर तेही दाखवीन. मी दोन्ही सांगणार."

त्यांनी मशीनवरच्या मुलीला हाक मारून दुसऱ्या दिवशी दुपारी यायला सांगितलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. त्यांची पत्नी शमीम मागच्या खोलीतून आली आणि जेवल्याशिवाय सोडेना. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी आधी फिकी वाटते. जवळ्याबरोबर दुसरा घास घेतला की मग कळतं ती तशी का असते.

जेवताना मी त्यांना माझ्या ओढणीची गोष्ट सांगितली. शमीमताई खूप हसल्या. मग मी विचारलं, "तुम्ही पावडर किती टाकता?"

रफीकभाईंनी माप दाखवलं. कुवेतमध्ये शिकलेलं माप.

"इथल्या मऊ पाण्याला निम्मी पुरेल."

"चादरीवर डाग राहिला तं गिऱ्हाईक माझ्याकडं येतो, तुमच्याकडं नाय."

"एक खेप करून बघा. डाग राहिला तर परत पहिलं माप."

त्यांनी माप परत डब्यात टाकलं. त्यांना ते आवडलं नव्हतं हे दिसत होतं.

टाकीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँड्रीला कुलूप. सोसायटीत घरोघरी धुण्याची यंत्रं घुरघुरत होती. मी दोन बाटल्या भरल्या, एक टाकीत येणाऱ्या पाण्याची, एक बाहेर जाणाऱ्या पाण्याची, आणि सेक्रेटरींसमोर दोन्ही हलवल्या. दोन्हींत सारखाच फेस. गळ्यापर्यंत.

"लाँड्री बंद आहे," मी म्हटलं. "हा फेस तुमच्या-आमच्या घरांतला आहे. लाँड्रीमुळे तो वाढतो, हे खरं. पण शंभर घरांतला फेस ही टाकी खाऊ शकली पाहिजे, लाँड्रीचासुद्धा. ती काहीच खात नाहीये."

लोखंडी शिडीवरून आम्ही वर चढलो. टाकीत हवा जोरात चालू होती, पाणी उकळल्यासारखं ढवळत होतं. फक्त त्याचा रंग भांडी विसळलेल्या पाण्यासारखा होता. निरोगी टाकी चहासारखी, खरं तर दाट कॉफीसारखी दिसते. तो तपकिरी रंग म्हणजेच जिवाणूंचा गाळ.

"गाळ कुठे गेला?" मी विचारलं.

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "काढला! सत्यनारायणाच्या आधी वास येतो अशी तक्रार होती. टँकर बोलावून सगळी टाकी रिकामी केली, भिंती ब्लीचिंगने धुऊन घेतल्या. अगदी आरशासारखी!"

मला हसू आलं, पण त्यांनी ते मनापासून केलं होतं. मी त्यांना शिडीवरच सांगितलं. जुन्या काळच्या धुण्याच्या रसायनाच्या रेणूंच्या साखळीला फांद्या होत्या, जिवाणूंना ती खाता यायची नाही, म्हणून नद्यांवर फेस तरंगत राहायचा. पुढे ती साखळी सरळ केली. आता हवा असली आणि जिवाणू भरपूर असले, तर ते ती शेवईसारखी एका टोकापासून खात जातात आणि टाकीतून बाहेर पडेपर्यंत जवळजवळ काही उरत नाही. बंद सेप्टिक टाकीत, जिथे हवा नाही, तिथे ती फारशी मोडत नाही. आणि धुऊन पुसून आरसा केलेल्या टाकीत तर नाहीच.

सेक्रेटरींनी कठडा घट्ट धरला. "म्हणजे फेस मी केला?"

"तुम्ही पातेलं घासून ठेवलंत. आता त्यात दूध आहे, पण विरजण नाही."

"मग आपोआप लागणार नाही का?"

"लागेल. काही आठवडे लागतील. तेवढा वेळ इंदूताईंच्या माठाला नाही."

विरजण दुसरीकडून आणायचं, म्हणजे चांगल्या चालत्या केंद्रातला जिवंत गाळ. मी विचार करत होते की जवळ कुठे मिळेल. संध्याकाळी रफीकभाई स्वतःहून आले. हातात पांढरी चादर होती. ती त्यांनी माझ्यासमोर झटकून उलगडली, दोन्ही बाजूंनी उजेडाकडे धरली.

"निम्म्या पावडरीत धुतली. डाग नाय." मग चादर खांद्यावर टाकून म्हणाले, "पोलादपूरच्या वर घाटात एक मोठा हॉटेल हाय. टॉवेल तिथंच धुतात, चादरी माझ्याकडं येतात. त्यांची पाण्याची टाकी मस्त चालते, बागेला तेच पाणी घालतात. मॅनेजरशी बोलू? माझा टेम्पो हाय."

पोलादपूरच्या वर

सकाळी निघालो. टेम्पोत प्लॅस्टिकची निळी पिंपं, खाली ताडपत्री. पोलादपूरला थांबून मिसळ खाल्ली. मग रस्ता महाबळेश्वरकडे वर चढू लागला. उजवीकडे दरी, समोर डोंगराची काळी भिंत, मध्येच एखादी कौलारू वाडी, अंगणात वाळत घातलेल्या शेंगा. उतरताना वरंधला पाहिलेला घाट आणि हा घाट यांत मला हा अधिक आवडला. रफीकभाई गाडी सावकाश चालवत होते आणि कुवेतच्या वाळवंटात आपल्याला नेमका हाच रस्ता कसा दिसायचा ते सांगत होते.

हॉटेलची टाकी पाहून माझा जीव सुखावला. दाट तपकिरी, ओल्या मातीसारखा वास. बाटलीत घेऊन ठेवला तर गाळ सुबक खाली बसला आणि वर नितळ पाणी. बाहेर जाणारं पाणी हलवलं, बुडबुडे आले आणि लगेच विरले. टॉवेलांची पावडर, पाहुण्यांचे शांपू, सगळं पचवायची सवय असलेले जिवाणू. मॅनेजरला आम्ही गाळ मागतोय याचंच हसू आलं. "न्या हो, हवा तेवढा न्या!"

पिंपं भरली, झाकणं सैलसर लावली, परत निघालो. आणि घाटाच्या मधल्या वळणावर एक ट्रक आडवा अडकलेला. पुढे गाड्या, मागे गाड्या. बाजूने जायला वाव नाही.

अर्धा तास गेला तसा माझा आत्मविश्वास थोडा ढळला. जिवाणू हवेशिवाय लगेच मरत नाहीत, पण गुदमरायला लागतात, आणि ऊन वाढत होतं. एका पिंपाचं झाकण उघडून वास घेतला. मातीचा वास कमी झाला होता.

"मेले?" रफीकभाईंनी विचारलं. ते खरोखर घाबरले होते.

"नाही. पण हवा द्यायला हवी. बादली आहे का?"

बादली होती. आम्ही टेम्पोत चढलो. मी बादली भरून उंचावरून परत पिंपात ओतायची, ते पुढच्या पिंपात तेच करायचे. चहावाला चहा ओततो तसं. बाह्या वर, ओढणी कमरेला बांधलेली, दोघांच्या अंगावर तपकिरी शिंतोडे. अडकलेल्या गाड्यांतले पर्यटक खाली उतरून बघायला लागले. एक टोपीवाले काका जवळ आले आणि कौतुकाने पिंपात डोकावले.

"काकवी का? घरची? कशी दिली?"

रफीकभाईंनी बादली खाली ठेवली आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "काकवी नाय काका. महाडच्या संडासाच्या टाकीला लावायचा विरजण हाय."

काका ज्या वेगाने गाडीत जाऊन बसले आणि काचा वर केल्या, ते बघून मी इतकी हसले की बादलीतलं निम्मं माझ्याच चपलांवर सांडलं. रफीकभाईही हसत सुटले. मी महाडला आल्यापासून त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

ट्रक सुटला. दुपारी आम्ही पिंपं टाकीत रिकामी केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेपा मारल्या. तेव्हा सेक्रेटरी स्वतः आले. जुना शर्ट घालून, स्वतःच्या हाताने पिंपं कलंडवली. रात्री आवाज होतो म्हणून हवेचा पंप बंद ठेवत होते, तोही त्यांनी चालू ठेवायला लावला.

रविवार

फेस एका दिवसात गेला नाही. पहिल्यांदा तो कमी झाला, मग दगडांच्या खाचांतच दिसू लागला. रविवारी सकाळी मी बाटल्या भरून हलवल्या. येणाऱ्या पाण्याला गळ्यापर्यंत फेस. जाणाऱ्या पाण्याला बुडबुड्यांची एक बारीक कड आली आणि बघता बघता फुटली.

सभा टाकीशीच झाली. सेक्रेटरींनी लाँड्रीचं ड्रेनेज तोडायचा विषय मागे घेतला आणि टाकी आपणच धुतली होती हेही सगळ्यांसमोर सांगितलं. ते सांगायला धीर लागतो. इंदूताईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्या बाटलीकडे बघून समाधान मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. पदर कमरेला खोचून त्या थेट लोखंडी शिडी चढल्या. मागोमाग मी, रफीकभाई आणि सेक्रेटरी.

नाकाला पदर लावून त्यांनी टाकीत पाहिलं. तपकिरी पाणी ढवळत होतं.

"यात जीव हायत?"

"आहेत, ताई. डोळ्यांना दिसत नाहीत. पावडर, घाण, सगळं तेच खातात."

"आणि माझ्याकडं येतो ता पाणी प्यायचा झाला?"

"नाही. पिऊ नका. मळ्याला चालेल, पण भाजी बाजारात नेताना ओढ्यात धुऊ नका, विहिरीवर धुवा."

खरं सांगितलं हे त्यांना पटलेलं दिसलं. मला वाटलं, आता उतरतील. पण त्यांनी सोसायटीच्या इमारतींकडे हात केला.

"ही माणसा सगळी बाहेरची. शिमग्याला आपापल्या गावाला जातात. घरांना कुलपा. मग कुणाचा धुणा नाय, कुणाचा न्हाणा नाय. तेव्हा ह्या जीवांना खायाला कोण घालणार?"

सेक्रेटरी माझ्याकडे बघायला लागले. प्रश्न बरोबर होता. सगळी घरं एकदम रिकामी झाली की टाकी उपाशी पडते आणि बसवलेली घडी विस्कटते. त्याबद्दल मी निघताना सेक्रेटरींशी बोलणार होतेच. पण माझ्याआधी रफीकभाई बोलले.

"शिमग्याला माझी लाँड्री चालू असते, ताई. मुंबईवाले येतात, हिरकणीवाडीची लॉज भरतात. तेव्हाच तं जास्त चादरी. त्यांना थोडा तरी मिळंल माझ्याकडून."

इंदूताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. याच माणसाच्या लाँड्रीचं पाणी ज्यातून यायचं तो पाईप त्या पोती घालून बंद करत होत्या. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवता ठेवता त्या म्हणाल्या,

"मग चालूच ठेव रे बाबा. एक दिवस पण बंद करू नको."